इंग्लंडमधील सराईंत एक रात्र

‘पब’ हा शब्द कानांवर पडतांच आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थाच्या कपाळाला आंठी पडते. त्याच्या डोळ्यांपुढें गुत्ता उभा राहतो: अंधारी खोली, आंबूस वास, घरीं वाट पाहणारीं मुलें आणि महिन्याच्या पहिल्या तारखेलाच रिकामा होणारा खिसा. ही आंठी अकारण पडत नाहीं, आणि ती पुसून टाकण्याची वकिली करण्याकरितां मी आज बोलत नाहीं. मी स्वतः मद्य घेत नाहीं. तथापि इंग्लंडांतील एका खेड्यांत मला अशा घरांत एक रात्र काढावी लागली, आणि त्या रात्रीच्या निमित्तानें एक गोष्ट ध्यानांत आली, ती सांगण्याजोगी वाटते.

ज्याला आपण सरसकट पब म्हणतों, त्या घराचीं मूळचीं कामें दोन. शेजाऱ्याला पेला देणें हें एक, आणि परक्याला छप्पर देणें हें दुसरें. हीं दोन्हीं कामें आज एकाच पाटीखालीं चालतात, म्हणून तीं एकच आहेत असा आपला समज होतो. परंतु कायद्यानें त्यांच्याकडे शेंकडों वर्षें निरनिराळ्या दृष्टीनें पाहिलें, आणि त्या फरकांतून कांहीं विलक्षण परिणाम झाले.

जुन्या इंग्लंडांत ह्या घरांचे तीन वर्ग असत. जेथें शेतकरी व मजूर जवाची ‘एल’ पीत, तें ‘एलहाउस’. जेथें शहरांतील सधन लोक द्राक्षाची दारू घेत, ती ‘टॅव्हर्न’. आणि जेथें प्रवासी उतरे, त्याला जेवण व बिछाना आणि त्याच्या घोड्याला तबेला व वैरण मिळे, ती ‘इन’. आपल्या भाषेंत सराई म्हणावयास हरकत नाहीं. चॉसरचे कँटरबरीचे यात्रेकरू ज्या ‘टॅबर्ड’मधून निघाले, ती लंडनच्या दक्षिण तीरावरील अशीच सराई होती. ती १८७३ सालीं पाडण्यांत आली. तिच्या शेजारची ‘जॉर्ज’ ही सराई मात्र उभी आहे. १६७६ च्या आगीनंतर ती पुन्हां बांधली, आणि १९३७ पासून ती ‘नॅशनल ट्रस्ट’ ह्या संस्थेच्या ताब्यांत आहे. लांकडी सज्जे असलेली लंडनमधील ती शेवटची सराई. परंतु तेथें जेवण मिळतें, पेला मिळतो, बिछाना मिळत नाहीं. सज्जा राहिला आणि सराई गेली, असेंच म्हणावें लागेल.

बिछाना अजूनहि मिळतो अशी याच नांवाची दुसरी सराई सॉमरसेट परगण्यांत आहे. बाथ शहराच्या दक्षिणेस सुमारें सात मैलांवर नॉर्टन सेंट फिलिप नांवाचें गांव आहे, तेथें. जवळच हिंटन येथें कार्थूशियन पंथाच्या संन्याशांचा मठ होता. १२३२ सालीं तो स्थापन झाला. हे संनासी मौन पाळीत, एकेकट्या कोठडींत राहत, आणि त्यांच्या मठाच्या मेंढ्या मात्र आसपासच्या टेंकड्या व्यापून टाकीत. लोकरीचा व कापडाचा व्यापार मोठा होता, नॉर्टनला त्याची जत्रा भरे. मालाला वखार आणि व्यापाऱ्यांना उतारा हवा, म्हणून चौदाव्या शतकांत ‘जॉर्ज’ बांधण्यांत आली. मौनी माणसांनीं इतकी गजबजलेली वास्तु उभारावी ही एक मौजच. १५३९ सालीं आठव्या हेन्रीनें मठ बुडविला, आणि सराई राहिली. खालचा मजला जाड दगडी भिंतींचा; वरचे मजले लांकडी सांगाड्याचे, एकाच्या पुढें एक असे रस्त्यावर झुकलेले. दूरून पाहिलें तर एखादा वृद्ध मनुष्य कांहीं ऐकूं यावें म्हणून पुढें वांकला आहे असा भास होतो.

ही इमारत आणि तिच्या मागचें चर्च पाहावें एवढ्याच हेतूनें मी एका सप्टेंबरांत दुपारीं बाथहून बसनें तेथें गेलों. सॅम्युअल पेपीस हा प्रसिद्ध रोजनिशीकार १२ जून १६६८ रोजीं सहकुटुंब ह्याच गांवीं थांबला होता, त्यानें येथें जेवण घेतलें आणि त्याला दहा शिलिंग पडले अशी नोंद त्यानें केली आहे. पेपीसच्या पावलांवर पाऊल टाकण्याच्या उत्साहांत मीं बसचें वेळापत्रक शनिवारचें वाचलें होतें. वार होता रविवार. दोष सर्वस्वीं माझा. चर्चमधून बाहेर पडून थांब्यापाशीं आलों तेव्हां शेवटची बस जाऊन बराच वेळ झाला होता, ऊन उतरलें होतें, आणि हातांत एका पिशवीखेरीज कांहीं नव्हतें.

‘जॉर्ज’चें दार उघडून मीं आंत पाऊल टाकलें. दगडी फरशी, डोक्याला लागतील अशा काळ्या तुळया, भिंतींतील मोठ्या आगटींत पेटलेलें एक ओंडकें. पंधरा-वीस माणसें बसलीं होतीं. त्यांपैकीं दोघातिघांनीं मान वर करून पाहिलें. मी लांकडी फळीपाशीं गेलों आणि पलीकडे उभ्या असलेल्या बाईंना विचारलें, “आजच्या रात्रीपुरती जागा मिळेल काय?”

हा प्रश्न परक्या देशांत, परक्या चेहऱ्यानें, अंधार पडतांना विचारला आहे अशा कोणालाहि मधल्या दोन क्षणांची लांबी ठाऊक असेल. त्या बाई वही चाळीत होत्या तेवढ्यांत, त्या प्रश्नाला इंग्रजी कायद्यानें काय उत्तर ठरविलें आहे तें सांगतों.

सराईचा मालक हा इतर दुकानदारांसारखा नव्हे. शिंप्यानें ‘तुझा कोट शिवीत नाहीं’ असें म्हटलें तर गोष्ट तेथें संपे. पण रस्त्यावर सराई उघडून बसलेल्या मनुष्यानें जगाला एक वचन दिलेलें आहे असें इंग्लंडच्या रूढ कायद्यानें मानलें. जो प्रवासी येईल, वाजवी पैसे देण्यास तयार असेल, शुद्धींत व नीटनेटका असेल, आणि खोली रिकामी असेल, त्याला ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार मालकाला नाहीं. ह्याचें कारण सरळ आहे. रात्रीच्या वेळीं दरोडेखोरांच्या रस्त्यावर मनुष्याला हांकलणें म्हणजे त्याचा जीव धोक्यांत घालणें होतें. एवढेंच नव्हे, तर उतरलेल्या पाहुण्याचा माल चोरीस गेल्यास तो मालकानें भरून द्यावा, असा निर्णय १५८४ सालींच झालेला आहे. मालक आणि चोर ह्यांची हातमिळवणी असावी असा संशय त्यामागें होता, आणि तो निराधार नसावा. उलटपक्षीं, पाहुण्यानें पैसे बुडविले तर त्याचें सामान अडकवून ठेवण्याचा हक्क मालकाला मिळाला. १९५६ सालीं पार्लमेंटनें हा सारा जुना संप्रदाय एका छोट्या कायद्यांत आणला आणि ‘हॉटेल’ची व्याख्या केली. खास करारमदार न करतां, समोर येऊन उभ्या राहणाऱ्या कोणत्याहि लायक प्रवाशाला जेथें अन्न, पेय व गरज पडल्यास निजण्याची जागा दिली जाते, तें हॉटेल. मालकाची जबाबदारीहि त्यांत मर्यादित झाली: एका वस्तूला ५० पौंड, एकंदर १०० पौंड. ह्या कायद्याची छापील नोटीस दाराजवळ लावलेली आढळते. ती वाचण्यासाठीं कोणी थांबत नाहीं. पण त्या नोटिशींत सहाशें वर्षांचें धुकें आणि चिखल सांठलेला आहे.

हा नियम कागदावरच राहिला नाहीं. १८३५ सालीं एक प्रवासी रविवारीं रात्रीं उशिरां घोड्यावरून एका सराईशीं आला. घरांतील मंडळी निजलीं होतीं. मालकानें नांव विचारलें, प्रवाशानें तें सांगण्याचें नाकारलें, आणि मालकानें दार उघडण्याचें नाकारलें. न्यायालयानें मालकालाच दोषी ठरवून वीस शिलिंग दंड केला. प्रवासी रविवारीं प्रवास करतो, तो उर्मटपणानें बोलतो, हीं कारणें दार बंद ठेवण्यास पुरेशीं नव्हेत, असा त्याचा आशय. माणसाला उर्मट असण्याचाहि हक्क असतो, निदान रात्रीच्या मुक्कामापुरता, हें वाचून मला तरी बरें वाटलें.

स्त्रियांच्या वाट्याला मात्र असें सरळ उत्तर आलें नाहीं. १८९८ सालीं लेडी हार्बर्टन ह्या बाई सायकलवरून सरे परगण्यांतील ओकम येथील ‘होटबॉय’ ह्या हॉटेलांत गेल्या. त्यांच्या अंगावर घागरा नव्हता, सायकलीला सोईची अशी सैल विजार होती. मालकिणीनें त्यांना भोजनगृहांत घेण्याचें नाकारलें आणि बारच्या बाजूच्या खोलींत बसा म्हणून सांगितलें. सायकलवाल्यांच्या मंडळानें पुढील वर्षीं खटला केला. ज्यूरीनें मालकिणीला सोडून दिलें: जागा नाकारली नव्हती, दुसरी देऊं केली होती!

आणि १९४३ सालची गोष्ट. वेस्ट इंडीजचे नामांकित क्रिकेटपटु लिअरी कॉन्स्टंटाइन हे लॉर्ड्सवरील सामन्यासाठीं पत्नी व मुलीसह लंडनला आले. युद्धाचे दिवस होते, आणि ते त्या वेळीं ब्रिटिश सरकारच्याच मजूरखात्यांत काम करीत होते. रसेल स्क्वेअरमधील इंपीरियल हॉटेलांत त्यांनीं चार रात्रींकरितां जागा ठरवून ठेवली होती. तेथें पोंचल्यावर त्यांना सांगण्यांत आलें कीं, एकच रात्र राहतां येईल. उतरलेल्या अमेरिकन पाहुण्यांना तुमचा रंग चालणार नाहीं. कॉन्स्टंटाइन दुसऱ्या ठिकाणीं गेले, आणि नंतर त्यांनीं दावा लावला. वर्णभेदाविरुद्ध त्या वेळीं इंग्लंडांत कोणताहि कायदा नव्हता. त्यांच्या हातीं होता तो फक्त मध्ययुगांतला, घोडेस्वारांसाठीं आणि लोकरीच्या व्यापाऱ्यांसाठीं झालेला, सराईचा नियम. १९४४ सालीं न्यायमूर्ति बर्केट ह्यांनीं त्याच नियमावर निकाल दिला: हा मनुष्य प्रवासी होता, त्याच्या वर्तनांत कांहींहि वावगें नव्हतें, म्हणून त्याला नाकारणें बेकायदेशीर. भरपाई नाममात्र, पांच गिनी. परंतु ज्या मनुष्यानें तो खटला जिंकला, तोच पुढें १९६९ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्समध्यें जाऊन बसला.

आतां ह्या कथेची दुसरी बाजू पाहा. हा हक्क प्रवाशाचा; शेजाऱ्याचा नव्हे. ज्या घरांत केवळ पेला मिळतो, त्या घराच्या मालकावर असलें कोणतेंहि बंधन नव्हतें; कारण न देतां तो कोणालाहि बाहेर काढूं शके. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक गांवांत युद्धानंतर पंजाबी लोक ओतीव लोखंडाच्या कारखान्यांत कामाला आले. तीं माणसें तेथें प्रवासी नव्हतीं. तेथेंच राहत, तेथेंच भट्टीपुढें घाम गाळीत, तेथेंच कर भरीत. आणि संध्याकाळीं कोपऱ्यावरच्या पबांतील चांगल्या बैठकींत त्यांना प्रवेश नसे. एका रात्रीच्या पाहुण्याला मध्ययुगापासून असलेला हक्क दहा वर्षांच्या रहिवाशाला नव्हता! अवतार सिंग जौहल आणि ‘इंडियन वर्कर्स असोसिएशन’ ह्यांनीं ह्याविरुद्ध चळवळ केली. १९६५ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील निग्रो पुढारी माल्कम एक्स हेहि स्मेदिकला येऊन गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस पहिला वर्णभेदविरोधी कायदा झाला, आणि हॉटेलांबरोबर पबांचींहि दारें त्यांत आलीं. आज त्या भागांत पंजाबी मालकांचे कित्येक पब आहेत. तेथें पेल्यासोबत तंदुरी कोंबडी मिळते, आणि गोरे शेजारी ती आवडीनें खातात.

असो. बाईंनीं वहींतून डोकें वर केलें आणि म्हणाल्या, “जिन्यानें वर, डावीकडची खोली. डोकें सांभाळा, चौकट ठेंगणी आहे.” मग नोंदपुस्तक पुढें सरकविलें. १९७२ सालच्या आदेशानुसार सोळा वर्षांवरील प्रत्येक मुक्कामी मनुष्याचें नांव व राष्ट्रीयत्व लिहून घ्यावें लागतें. परदेशीयांना पारपत्राचा क्रमांक आणि पुढचा मुक्कामहि सांगावा लागतो. पण राष्ट्रकुलांतील नागरिक ह्या व्याख्येप्रमाणें ‘परदेशी’ नव्हेत. मीं नांव लिहिलें, त्यापुढें ‘भारतीय’ असें लिहिलें, आणि माझें काम झालें.

खोलींत पिशवी टाकून मी खालीं आलों. पाहुण्यानें खोलींत बसून राहावें अशी तेथें रीत नाहीं. खालची बैठक हीच त्याची बैठक. येथें नवख्याची एक फजिती ठरलेली. तो टेबलापाशीं बसतो आणि कोणी विचारावयास येईल म्हणून वाट पाहतो. कोणीहि येत नाहीं. फळीपाशीं स्वतः जाऊन मागावें लागतें, तेथल्या तेथें पैसे द्यावे लागतात, आणि पेला आपल्याच हातानें जागेवर आणावा लागतो. फळीपाशीं रांग दिसत नाहीं, पण ती असते. आपल्या आधीं कोण आलें हें प्रत्येकाच्या मनांत नोंदलेलें असतें, आणि आपला नंबर नसतांना बाईंनीं आपल्याकडे पाहिलें तर शेजाऱ्याकडे बोट दाखवावें, हा शिष्टाचार. मुंबईच्या लोकल-गाडींत वाढलेल्या मनुष्याला तो शिकण्यास थोडा वेळ लागतो. चौघे मित्र असतील तर प्रत्येकानें आळीपाळीनें चौघांचें घ्यावयाचें. स्वतःची पाळी चुकविणाऱ्याची कीर्ति गांवभर होते. बाईंना बक्षिसी म्हणून नाणें देत नाहींत. “आणि एक तुमच्यासाठीं,” असें म्हणतात; त्या मानेनें आभार मानून त्याचे पैसे बाजूला ठेवतात.

मीं सफरचंदाचा रस मागितला. कोणी हंसलें नाहीं, कोणीं कारण विचारलें नाहीं. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं मात्र, हा ज्ञानाचा विषय आहे अशा समजुतीनें, त्यांच्या हातांतील पेल्याची हकीगत मला सांगितली. ती मला रुचली, म्हणून थोडक्यांत सांगतों. ह्या घरांतील खरी बिअर बाटलींतली नव्हे, तळघरांतील पिंपांतली. पिंपांत आल्यावरहि तिची आंबण्याची क्रिया चालूच असते. गाळ खालीं बसावा म्हणून तिच्यांत पुष्कळदां माशाच्या वाताशयापासून केलेला एक पदार्थ घालतात. आपल्यांतील कांहीं मंडळींना हें आधीं ठाऊक असलेलें बरें! तळघर ११ ते १३ अंश सेंटिग्रेडपर्यंत थंड ठेवतात आणि हातपंपानें बिअर वर खेंचतात. नऊ गॅलनचें पिंप, म्हणजे ७२ पिंट. पण एकदां तें फोडलें कीं हवा आंत शिरते, आणि तीनचार दिवसांत तें संपलें नाहीं तर आंबट होऊन फेकावें लागतें. म्हणजे पिंप चांगलें राहण्यास नुसता कुशल मालक पुरत नाहीं. रोज येणारे शेजारी लागतात. १९७० च्या सुमारास मोठ्या कारखान्यांनीं ही कटकट टाळून हवाबंद, मेलेली बिअर सर्वत्र आणली, तेव्हां १९७१ सालीं ग्राहकांनींच एक संघटना काढून पिंपाची बाजू घेतली आणि पुष्कळ अंशीं ती राखली. समोरच्या एका पंपावर ‘इंडिया पेल एल’ अशी चिठ्ठी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या बो भागांतील हॉजसनच्या भट्टीची बिअर जहाजांतून आपल्याकडील साहेबलोकांसाठीं येई, त्या व्यापाराचें हें नांव. त्या बैठकींत हिंदुस्थानचे प्रतिनिधि आम्ही दोघेच होतों.

ठरल्या वेळीं घंटा झाली. ‘शेवटचें मागून घ्या’ ही पहिली, आणि थोड्या वेळानें ‘वेळ संपली’ ही दुसरी. ह्या घंटेचा इतिहास महायुद्धापर्यंत जातो. १९१४ नंतर, दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार शुद्धीवर असावेत म्हणून, पबांचे तास कमी केले. दुपारीं घर बंद ठेवण्याची सक्ति झाली. युद्ध संपलें, पण ती सक्ति आठवड्याच्या दिवशीं १९८८ पर्यंत आणि रविवारीं १९९५ पर्यंत टिकली. आतां २००५ पासून प्रत्येक घराचे तास त्याच्या परवान्यांत ठरतात. त्याहून मौजेचा जुना नियम रविवारचा. रविवारीं पब बंद असण्याच्या वेळीं खऱ्या प्रवाशाला मात्र पेला देण्याची मुभा होती. खरा प्रवासी कोण? १८७४ च्या कायद्यानें ठरविलें: आदल्या रात्रीं जो तीन मैलांपलीकडे निजला असेल तो. मग काय, एका गांवचे तहानलेले लोक तीन मैल चालून दुसऱ्या गांवीं जाऊन प्रवासी होत, आणि दुसऱ्या गांवचे पहिल्या गांवीं येत. १९२१ सालीं ही सवलत गेली. प्रवाशाविषयींचा कायद्याचा आदर असा कीं, शेजाऱ्यालाहि प्रवासी व्हावेंसें वाटलें.

घंटेनंतर माणसें एकेक करून उठलीं. ज्यांना घर होतें तीं घरीं गेलीं. मी जिना चढलों. सारें घर ओळखीच्या आवाजांनीं निरोप घेत असतां आपण एकट्यानेंच वर जावें, ही भावना थोडी चमत्कारिक असते. खोलीची जमीन खिडकीकडे इतकी उतरती होती कीं, टेबलावरील पेन्सिल आपोआप घरंगळली. चहाचें साहित्य आणि किटली मांडलेली होती. दिवा मालविल्यावर लांकडें कुरकुरूं लागलीं. ह्याच घरांत जून १६८५ मध्यें ड्यूक ऑफ मन्मथनें तळ दिला होता. दुसऱ्या चार्ल्सचा हा अनौरस मुलगा, गादीवर हक्क सांगून त्यानें बंड केलें. २७ जून रोजीं ह्या गांवांत चकमक झाली, ६ जुलैला सेजमूर येथें त्याचा मोड झाला, आणि १५ जुलैला लंडनमध्यें त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या बाजूनें लढलेल्या बारा जणांना ह्या गांवांतच फांशीं दिलें असें गांवकरी सांगतात. राजपुत्राला आणि त्याच्यामागून आलेल्या शिपायांना ह्याच जिन्यानें वर जातांना डोकें वांकवावें लागलें असेल, असें मनांत येत असतां मला झोंप लागली.

असलीं घरें किती दिवस टिकतील हा प्रश्न इंग्लंडांत नेहमीं विचारला जातो, आणि त्यांत तथ्य आहे. ऑगस्ट १७८४ मध्यें ब्रिस्टल-बाथहून लंडनला पहिली टपालाची घोडागाडी धांवली, आणि पुढील पन्नास वर्षें रस्त्यावरील सराईंचा सुवर्णकाळ होता. १८४१ सालीं लंडन-ब्रिस्टल रेल्वे पुरी झाली आणि तबेले ओस पडले. आजचें संकट निराळें. पुष्कळ पब स्वतः चालविणाऱ्याचे नसतात. दारूच्या कारखान्याचे किंवा मोठ्या कंपनीचे असतात, आणि चालविणाऱ्याला भाडें देऊन शिवाय मालहि त्यांच्याकडूनच, त्यांच्या दरानें, घ्यावा लागतो. १९८९ सालीं सरकारनें कारखान्यांची ही मक्तेदारी मोडली, तेव्हां घरें कारखान्यांकडून निघालीं आणि जागांचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांकडे गेलीं. त्यांच्या हिशेबानें खेड्यांतील पब चालविण्यापेक्षां त्याचें राहतें घर करून विकणें फायद्याचें. माझ्या मतें हा हिशेब चोख आहे, आणि चुकीचाहि आहे. कारण त्यांत पिंप संपविणारे शेजारी धरलेले नसतात आणि बस चुकलेला प्रवासीहि धरलेला नसतो.

कांहीं ठिकाणीं शेजारीच मालक झाले. कंब्रिया परगण्यांतील हेस्केट न्यूमार्केट ह्या लहान गांवाच्या लोकांनीं आपला ‘ओल्ड क्राउन’ हा पब २००३ सालीं सहकारी पद्धतीनें विकत घेतला. पुढें २०११ च्या कायद्यानें गांवकऱ्यांना असें घर विक्रीस निघाल्यास पैसे जमविण्यापुरती मुदत मागण्याचा अधिकार मिळाला. आणि मुक्कामाची गरज संपली असें ज्यांना वाटतें त्यांनीं यॉर्कशायरच्या माळावरील ‘टॅन हिल’ आठवावी. समुद्रसपाटीपासून १,७३२ फुटांवरची ही ब्रिटनमधील सर्वांत उंच सराई. नोव्हेंबर २०२१ च्या वादळांत एका शुक्रवारीं रात्रीं तेथें गाणें ऐकण्यास लोक जमले होते. बर्फानें दारें-रस्ते बुजविले, आणि एकसष्ट माणसें गायकवृंदासह सोमवारपर्यंत तेथेंच अडकलीं. तीन रात्री मालकानें सर्वांना खाऊं घातलें. त्यांत कोण प्रवासी आणि कोण शेजारी हें विचारण्याची कोणालाच गरज पडली नसावी.

सकाळीं खालच्या बैठकींत रात्रीचा मागमूस नव्हता. टेबलांवर पांढरे रुमाल, टोस्ट, संत्र्याच्या सालीचा कडसर मुरंबा. मांसाहाऱ्यांसाठीं अंडीं, बेकन, सॉसेज. मला भाजलेलीं टोमॅटो, अळंबीं आणि उकडलेले घेवडे मिळाले, आणि ते इतके पुष्कळ कीं दुपारच्या जेवणाचा विचार सोडून द्यावा लागला. मागच्या अंगणांतून उतारावरचें हिरवें कुरण दिसतें, त्याच्यापलीकडे चर्च. त्या कुरणावर गांवचा संघ क्रिकेट खेळतो. त्या वेळीं तेथें दंव होतें, आणि एक मनुष्य मधल्या पट्ट्याभोंवतीं दोरी बांधीत होता.

मीं पैसे दिले, किल्ली परत केली. बाईंनीं भिंतीवरील वेळापत्रक काढून माझ्यासमोर धरलें आणि सोमवारच्या रकान्यावर बोट ठेवलें. बसला अजून वीस मिनिटें होतीं.